अठ्ठेचाळीस तासांची उधारी

३ ऑगस्ट १९८१, सोमवार. सकाळी अकराच्या सुमारास रोनाल्ड रेगन व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये पत्रकारांसमोर उभे राहिले आणि त्यांनी एक शपथ वाचून दाखवली. राष्ट्राध्यक्षपदाची नव्हे. अमेरिकेच्या केंद्र सरकारात लागणारा प्रत्येक जण रुजू होताना एका कागदावर सही करतो, त्या कागदावरची. मथितार्थ असा, की सरकारविरुद्धच्या संपात मी सामील नाही आणि नोकरीत असेपर्यंत होणारही नाही. रेगन यांनी ती वाचली आणि सांगितलं, ४८ तासांत कामावर या, नाहीतर नोकरी गेली समजा.

त्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून देशातल्या सुमारे साडेसतरा हजार एअर ट्रॅफिक कंट्रोलरांपैकी तेराएक हजार कामावर नव्हते. सही त्या सगळ्यांनी केलेली होती. रुजू होण्याच्या दिवशी पुढे सरकवलेला फॉर्म कोण वाचतो?

यातली गंमत अशी, की शपथ वाचणारा माणूस स्वतः कामगार पुढारी होता. हॉलिवूडच्या नटांच्या युनियनचे, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचे, रेगन अध्यक्ष होते आणि १९६० साली त्यांनी त्या युनियनचा संपही चालवला होता. युनियनचं अध्यक्षपद भूषवून व्हाइट हाउसमध्ये पोचलेला तो पहिला माणूस.

या संपाची गोष्ट बहुतेक वेळा रेगन यांचा कणखरपणा किंवा अमेरिकी कामगार चळवळीची पीछेहाट म्हणून सांगितली जाते. दोन्ही खरं आहे. पण तिला एक तिसरी बाजू आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ती बाजू शिकाऊ कंट्रोलराची. त्यासाठी हे काम शिकतात कसं, ते आधी जरा जवळून पाहायला हवं.

ओक्लाहोमा सिटीत फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची, म्हणजे एफएएची अकादमी आहे. उमेदवार तिथे काही महिने काढतो. १९७६ पासून पुढची पंधरा-सोळा वर्षं तिथली परीक्षा ही सरळ चाळणी होती. शंभरातले चाळीसहून अधिक तिथेच गळायचे आणि गळला त्याची नोकरीही गेली. जो टिकला तो एखाद्या टॉवरमध्ये किंवा रडार केंद्रात जातो आणि खरं शिक्षण तिथे सुरू होतं. अंधारी खोली, समोर पडदा, त्यावर प्रत्येक विमानाची खूण आणि शेजारी त्याचं नाव, उंची, वेग. १९८१ साली पडद्याच्या बाजूला कागदी पट्ट्यांची चळत असायची. एका विमानाची एक पट्टी, प्लास्टिकच्या खाचेत बसवलेली. विमान पुढे सरकलं की पट्टीवर पेनने खूण आणि पट्टी खाली. शिकाऊ हेडसेट लावून बसतो आणि त्याच जागेला दुसरी पिन खोचून त्याचा प्रशिक्षक बसतो. वैमानिकाशी बोलतो शिकाऊ, पण चूक व्हायला लागली की प्रशिक्षकाचा आवाज मध्ये घुसतो. ती चूक दोघांच्याही नावावर जाऊ शकते. वीस-बावीस विमानांचं चित्र डोक्यात धरायचं आणि ते सुटू द्यायचं नाही, ही यातली विद्या. ती आकाशाच्या एकेका तुकड्यापुरतीच असते. शिकागोत तयार झालेला माणूस अटलांटात बदलून गेला, तर तिथलं आकाश त्याला पहिल्यापासून शिकावं लागतं.

मोठ्या केंद्रात पूर्ण कंट्रोलर व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. पगार त्या पायऱ्यांना बांधलेला. १९८१ मध्ये शिकाऊ सुरुवात करायचा वर्षाला सुमारे १५ हजार डॉलरवर आणि तयार कंट्रोलराचा सरासरी पगार होता ३३ हजारांच्या आसपास. मधली प्रत्येक पायरी चढायला शेजारी दुसरी पिन खोचून बसणारा प्रशिक्षक मोकळा असावा लागतो. माणसं कमी पडली की प्रशिक्षक स्वतःच पडद्यासमोर अडकतो. शिकाऊ खोळंबतो, म्हणजे त्याचा पगारही खोळंबतो. पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते या एका गाठीभोवती फिरतं.

कंट्रोलरांची युनियन जन्माला आली ती पगारासाठी नव्हे, भीतीपोटी. १६ डिसेंबर १९६० रोजी युनायटेडचं डीसी-८ आणि टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन ही दोन विमानं न्यूयॉर्कवर एकमेकांवर आदळली. एक स्टेटन आयलंडवर पडलं, दुसरं ब्रुकलिनच्या भर वस्तीत. १३४ माणसं गेली. त्यानंतरच्या दशकात जेट विमानांची गर्दी वाढत गेली, यंत्रं मात्र जुनाट राहिली. केनेडी यांच्या १९६२ च्या आदेशाने केंद्र सरकारच्या नोकरांना युनियन करायची मुभा मिळाली होती, पण पगारावर बोलायचं नाही आणि संप तर मुळीच नाही.

जानेवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या काही कंट्रोलरांनी एफ. ली बेली या नामांकित फौजदारी वकिलाला गाठलं. बेली स्वतः वैमानिक होता. त्यातून प्रोफेशनल एअर ट्रॅफिक कंट्रोलर्स ऑर्गनायझेशन, म्हणजे पॅटको, उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात तिने पहिला दणका दिला आणि त्याला नाव दिलं ‘ऑपरेशन एअर सेफ्टी’. आपल्याकडे याला ‘नियमानुसार काम’ म्हणतात. दोन विमानांमध्ये नियमात लिहिलंय तेवढं अंतर, एक मैलही कमी नाही. बास. नियम पाळले म्हणून न्यूयॉर्कच्या विमानतळांवर रांगा लागल्या. रोजचं काम नियम मोडून चालत होतं, हे अशा रीतीने जगाला कळलं. १९७० च्या मार्चमध्ये दोन हजारांहून अधिक कंट्रोलर एकाच वेळी ‘आजारी’ पडले. निमित्त होतं लुइझियानातल्या बॅटन रूजच्या काही युनियनवाल्यांच्या बदल्यांचं.

दोन वर्षांत पॅटकोला अधिकृत मान्यता मिळाली आणि १९७२ च्या कायद्याने कंट्रोलरांना लवकर निवृत्तीची सोयही दिली. त्याच कायद्यामुळे सरकारला भरतीला कमाल वय घालता आलं, ते पुढे ३१ च्या आत असं ठरलं, आणि ५६ व्या वर्षी खुर्ची सोडायची. बरेचसे कंट्रोलर लष्करात हे काम शिकून आलेले, कॉलेजची पदवी नसलेले. त्यांच्या घराण्यात इतका पगार आणि मान देणारी नोकरी कुणी पाहिली नव्हती. तरी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या पाहणीत ४१६ कंट्रोलरांना तीन वर्षं तपासलं, तर रक्तदाबाचं प्रमाण चढं निघालं.

१९८० मध्ये पॅटकोचे अध्यक्ष जॉन लेडन यांना बाजूला सारून रॉबर्ट पोली आले. आतल्या आत संपाची तयारी सुरू झालेलीच होती. कार्टर सरकारशी बिनसलेलं, म्हणून पॅटकोने निवडणुकीत चक्क रेगन यांना पाठिंबा दिला. रेगन यांनी पोलींना पत्र लिहून नवी यंत्रसामग्री, माणसं आणि कामाचे तास यांत लक्ष घालण्याचं आश्वासनही दिलं. पॅटकोवाल्यांना ते पत्र म्हणजे हुकमी एक्का वाटला.

मागण्या मोठ्या होत्या. सरसकट दहा हजार डॉलरची वाढ, बत्तीस तासांचा आठवडा, निवृत्तीची अधिक चांगली तरतूद. एकूण हिशोब ७७ कोटी डॉलरचा, आणि सरकारची तयारी ४ कोटींची. तरी पगारावर बोलायला सरकार टेबलाशी बसलं, हेच कायद्याच्या पलीकडचं होतं. २२ जूनला झालेला तात्पुरता करार सभासदांनी मतदानाने फेटाळला, ९५ टक्क्यांनी. इथे पॅटकोचं चुकलं, असं म्हणावंच लागेल. दहा हजारांची वाढ हा आकडा वर्तमानपत्रात छापून आल्यावर पंधरा-वीस हजारांत घर चालवणारा सामान्य अमेरिकन त्यांच्या बाजूने उभा राहणं कठीण होतं. तो राहिलाही नाही. वैमानिकांची युनियनही सोबत आली नाही.

बुधवारी मुदत संपली. १,३०० च्या आसपास परतले. ११,३४५ जणांना काढलं आणि पुन्हा केंद्रीय नोकरीत घ्यायचं नाही असा शिक्का मारला. त्यांत वीस वर्षं काढलेले होते आणि अकादमीतून नुकतेच आलेले शिकाऊही होते. न्यायालयाने युनियनला तासागणिक दंड लावला. तिचा एक स्थानिक अध्यक्ष साखळदंडात तुरुंगाकडे जातानाचा फोटो देशभर छापला गेला. २२ ऑक्टोबरला पॅटकोची मान्यताच काढून घेतली. कंट्रोलरांच्या संपानंतर पाच-साडेपाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या संपात नोकऱ्या कशा गेल्या ते मराठी वाचकाला सांगायला नको. फरक एवढा, की गिरणगावात भोंगा हळूहळू बंद झाला, वॉशिंग्टनमध्ये दोन दिवसांत.

आकाश मात्र बंद पडलं नाही. पॅटकोचा सगळा डाव, आपल्याविना विमानं उडणार नाहीत, या एका गृहीतकावर होता. सुपरवायझर, संपात न गेलेले आणि लष्करातून आणलेले कंट्रोलर यांनी पहिल्या दिवशी निम्मी आणि नंतर सत्तर-पंचाहत्तर टक्के उड्डाणं चालवली. न्यूफाउंडलंडच्या गँडर केंद्रातल्या कॅनेडियन कंट्रोलरांनी पाठिंबा म्हणून अमेरिकेची विमानं अडवली, पण ते दोन दिवसच. सरकार जिंकलं.

मग बिल यायला सुरुवात झाली.

जाहिराती निघाल्या, हजारोंनी अर्ज आले. बेकारीचे दिवस होते आणि पंधरा हजार डॉलर, सरकारी नोकरी, पदवीची अट नाही. ओक्लाहोमा सिटीची अकादमी भरून वाहू लागली. पण परीक्षेची चाळणी तीच होती, चाळीसहून अधिक टक्के गळतच होते, आणि जे पास झाले त्यांच्या शेजारी दुसरी पिन खोचायला अनुभवी माणूसच उरला नव्हता. तो तर रस्त्यावर होता, पेट्रोल पंपावर नाहीतर विम्याच्या पॉलिसी विकत. दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल, असं सरकार म्हणत होतं. प्रत्यक्षात मनुष्यबळ पूर्ववत व्हायला जवळजवळ एक दशक लागलं.

वाहतूकमंत्री ड्रू लुइस यांनीच नेमलेल्या एका समितीने १९८२ मध्ये अहवाल दिला. एफएएचं वरिष्ठांचं वागणं हुकूमशाही थाटाचं आहे, संपाची मुळं तिथे आहेत, आणि संप मोडल्यावरही त्यात फरक पडलेला नाही, असा त्याचा सूर होता. नव्या पोरांना हे अहवालातून कळायची गरज नव्हती. सहा-सहा दिवसांचा आठवडा, सक्तीचा ओव्हरटाइम आणि रखडलेलं प्रशिक्षण ते रोज भोगत होते.

आणि मग या इतिहासातली माझ्या मते सगळ्यांत बोलकी घटना घडली. जून १९८७ मध्ये कंट्रोलरांनी पुन्हा युनियनसाठी मतदान केलं आणि जवळपास सत्तर टक्के मतांनी नॅशनल एअर ट्रॅफिक कंट्रोलर्स असोसिएशन, म्हणजे नॅटका, निवडली. मतदार बहुतांश तेच, ज्यांना संपकऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरायला आणलं होतं. युनियन फोडायला आणलेल्यांनी सहा वर्षांत स्वतःची युनियन बांधली. फक्त एक गोष्ट त्यांनी पॅटकोकडून शिकून ठेवली होती. संप हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो काढणाऱ्या संघटनेला कायद्याने मान्यताच मिळत नाही.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये क्लिंटन यांनी जुन्या संपकऱ्यांवरची बंदी उठवली. तोवर बारा वर्षं लोटली होती आणि अकरा हजारांतले साडेआठशेच्या आसपासच परत येऊ शकले. आलेल्यांना नव्या पोरांसारखं पुन्हा शिकाऊ होऊन बसावं लागलं.

पगारावर बोलण्याचा हक्क शेवटी मिळाला तो संसदेच्या एका कायद्याने, १९९६ मध्ये. त्याच्या आधारावर एफएएच्या प्रमुख जेन गार्वी यांच्या काळात, १९९८ मध्ये करार झाला आणि पगार विमानतळावरच्या वर्दळीला व गुंतागुंतीला जोडला गेला. पॅटकोला संप करूनही जे मिळालं नव्हतं, ते नॅटकाला टेबलावर मिळालं. काही वर्षांतच हा पगार परवडत नाही अशी ओरड सुरू झाली.

२००५ मध्ये नव्या करारासाठी बोलणी सुरू झाली. पुढच्या एप्रिलमध्ये एफएएने बोलणी फिसकटल्याचं जाहीर करून आपला प्रस्ताव संसदेकडे पाठवला. कायद्यातली खुबी अशी, की साठ दिवसांत संसदेने काही केलं नाही तर एफएएचंच म्हणणं लागू. प्रतिनिधिगृहात नॅटकाच्या बाजूने २७१ आणि विरुद्ध १४८ मतं पडली, पण वापरलेल्या पद्धतीत दोन तृतीयांश लागत होते. थोडक्यात हुकलं. ३ सप्टेंबर २००६ ला, अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या आठवड्यात, एफएएने नवे नियम एकतर्फी लागू केले. कंट्रोलरांनी त्या पुस्तकाला ‘व्हाइट बुक’ म्हणून नाव ठेवलं. त्यात जीन्स घालायला बंदी होती, त्याची चर्चा खूप झाली. खरा वार वेगळ्याच माणसावर होता. जुन्यांचा पगार गोठवला, आणि नव्याने लागणाऱ्यांची श्रेणी तीस टक्के खाली आणली.

म्हणजे एकाच पडद्यासमोर, खांद्याला खांदा लावून दोघे बसलेत. शिकवणाऱ्याची श्रेणी वेगळी आणि शिकणारा उद्या अगदी तेच काम करू लागला तरी त्याची वेगळी. ज्याने कुठल्याच करारावर मत दिलं नव्हतं, जो अजून युनियनमध्ये आलाही नव्हता, त्याच्या खिशातून बचत काढायची. हा हिशोब कुठल्याही कारखान्यात चालतो, कारण उद्या येणारा माणूस आज मतदानाला नसतो.

त्यातून वेळही अशी निवडली, की विचारू नका. १९८१ ते ८५ मध्ये भरलेली पंचविशीतली पोरं २००६ नंतर एकगठ्ठा निवृत्तीला आली. १९८१ साली एकदम केलेली भरती पंचवीस वर्षांनी एकदमच बाहेर पडणार, हे साध्या बोटांच्या हिशोबाने दिसत होतं. पगार गोठलेला, जीन्सवरून बोलणी खायची, मग थांबायचं कशाला? माणसं पात्र झाली त्या महिन्यात निघून जाऊ लागली. प्रशिक्षक गेले आणि १९८२ ची गाठ पुन्हा तशीच बसली.

नवे नियम लागू व्हायच्या बरोबर आठवडाभर आधी, २७ ऑगस्टच्या पहाटे, केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेलं. ५० पैकी ४९ जण गेले. चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला. पण टॉवरमध्ये त्या वेळी दोन माणसं असायला हवीत, अशी एफएएचीच सूचना असताना एकच होता आणि दोन पाळ्यांच्या मधल्या नऊ तासांत तो दोन तास झोपला होता.

२००९ मध्ये सरकार बदलल्यावर वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी मध्यस्थ मंडळ नेमलं. त्याच्या प्रमुख कोण, तर १९९८ चा करार करणाऱ्या जेन गार्वी. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून नवा करार लागू झाला आणि व्हाइट बुक गेलं. अकादमीतल्या विद्यार्थ्याची अवस्था मात्र फार सुधारली नाही. पुढची अनेक वर्षं त्याचा मूळ पगार वर्षाला १८ हजार डॉलरच्या आसपास घुटमळत राहिला, वर ओक्लाहोमातल्या राहण्या-जेवण्याचा दैनिक भत्ता. १९८१ चे पंधरा हजार आठवा. तीस वर्षांत अमेरिकेतली महागाई अडीच पट झाली आणि शिकाऊ होता तिथेच. बायको-मुलं असलेल्या अठ्ठाविशीतल्या माणसाला, पास होण्याची खात्री नसताना, हातची नोकरी सोडून तिथे जाणं म्हणजे जुगारच. शिवाय अकादमीच मधूनमधून बंद पडे. २०१३ मध्ये खर्चकपातीमुळे, २०१८-१९ च्या सरकारी टाळेबंदीत, मग कोविडमध्ये. प्रत्येक वेळी नळ बंद झाला आणि त्याची टंचाई तीन-चार वर्षांनी रडारच्या खोलीत जाणवली.

वॉशिंग्टनच्या विमानतळाला १९९८ मध्ये रोनाल्ड रेगन यांचं नाव दिलं. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथे उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर आदळून ६७ जण मरण पावले. त्या वेळी टॉवरमध्ये विमानं आणि हेलिकॉप्टरं ही दोन्ही कामं एकच कंट्रोलर पाहत होता. अपघाताची कारणं एका माणसावर किंवा एका रिकाम्या खुर्चीवर ढकलण्याइतकी सोपी नाहीत. पण देशात सुमारे तीन हजार कंट्रोलर कमी आहेत, ही गोष्ट त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी आली. महिन्याभरात वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी अकादमीतल्या विद्यार्थ्यांचा सुरुवातीचा पगार तीस टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं. योगायोगाने आकडा तोच, २००६ मध्ये कापलेला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकारी तिजोरी ४३ दिवस बंद राहिली. कंट्रोलरांना ‘अत्यावश्यक’ म्हणून कामावर यावं लागलं, बिनपगारी. शिकाऊ सोडून चालल्याचं डफी यांनीच सांगितलं, आणि ते स्वाभाविक होतं. ज्याचा संसार महिन्याच्या पगारावर चालतो त्याला ‘नंतर मिळेल’ हे उत्तर पुरत नाही. संपाचा प्रश्न नव्हताच. रोझ गार्डनमध्ये वाचलेल्या मजकुराखाली या सगळ्यांचीही सही आहे. २८ ऑक्टोबरला हाती शून्य पगार आला, त्या दिवशी नॅटकाचे सभासद आपल्या सुट्टीच्या वेळात देशभरच्या विमानतळांबाहेर उभे राहिले आणि तुमच्या खासदाराला फोन करा, अशी विनंती छापलेली पत्रकं प्रवाशांच्या हातात देत राहिले.